विश्लेषण : सर्व्हरवरील गर्दीचे गणित शंभर वर्षांपूर्वी मांडणारे एर्लांग कोण होते?

एकाच सर्व्हरशी एका वेळी हजारो मोबाइल जोडलेले असतात. ही गर्दी हाताळण्यासाठी प्रोग्रॅमर पायथॉनच्या ‘असिंकआयओ’सारख्या लायब्ररी वापरतात. मात्र अशा गर्दीचे गणित संगणक येण्याआधीच डेन्मार्कमधील एका गणितज्ञाने टेलिफोनसाठी मांडले होते.

शिक्षक ते टेलिफोन कंपनी

आग्नर क्रारुप एर्लांग यांचा जन्म १ जानेवारी १८७८ रोजी लोनबोर्ग या खेड्यात झाला. वडील गावच्या शाळेत शिक्षक होते. एर्लांग यांनी १९०१ मध्ये कोपनहेगन विद्यापीठातून गणिताची पदवी घेतली आणि पुढे काही वर्षे शाळांत शिकवले. डॅनिश गणित मंडळात त्यांची ओळख योहान येन्सन यांच्याशी झाली. येन्सन हे नामवंत गणितज्ञ आणि कोपनहेगन टेलिफोन कंपनीचे मुख्य अभियंता. या ओळखीतून १९०८ मध्ये एर्लांग त्या कंपनीत रुजू झाले. मोजमापांसाठी ते स्वतः रस्त्यावरील मॅनहोलमध्ये उतरत. सोबत शिडी घेतलेला एक कामगार असे.

नेमका प्रश्न काय होता?

लाइन कमी असतील तर फोन लागत नाही, जास्त असतील तर पैसा वाया जातो. मग किती हव्यात? समजा, तासाला ६० कॉल येतात आणि प्रत्येक सरासरी ३ मिनिटे चालतो. म्हणजे एका वेळी सरासरी ३ कॉल सुरू असतात. मग ३ लाइन पुरतील? नाही, कारण कॉल ठरावीक अंतराने येत नाहीत. एर्लांग यांच्या १९१७ मधील सूत्रानुसार ३ लाइन असतील तर सुमारे ३५ टक्के कॉल लागणारच नाहीत. ८ लाइन दिल्या तर हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली येते. केवळ सरासरीवर विसंबणे किती महागात पडते, हे त्यांनी आकड्यांत दाखवले.

मृत्यूनंतर काय घडले?

अविवाहित एर्लांग यांनी सुमारे २० वर्षे त्याच कंपनीत काम केले. ३ फेब्रुवारी १९२९ रोजी, वयाच्या ५१व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९४६ मध्ये टेलिफोन वाहतुकीच्या एककाला ‘एर्लांग’ हे नाव मिळाले. १९८०च्या दशकात स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत तयार झालेल्या प्रोग्रॅमिंग भाषेलाही हेच नाव देण्यात आले. व्हॉट्सअ‍ॅपचे सर्व्हर याच भाषेत उभारले गेले.

आजच्या लायब्ररींशी संबंध काय?

सर्व्हरचा बराच वेळ उत्तराची वाट पाहण्यात जातो. प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र थ्रेड ठेवला, तर तो रिकाम्या पण अडकलेल्या लाइनसारखा बसून राहतो. कोरुटीन म्हणजे मध्येच थांबून नंतर तिथूनच पुढे सुरू होणारे फंक्शन. वाट पाहताना ते प्रोसेसर दुसऱ्या कामासाठी मोकळा करते. त्यामुळे एकाच थ्रेडवर हजारो जोडण्या सांभाळता येतात.

मात्र कोरुटीनमुळे वाट पाहणे स्वस्त होते, क्षमता वाढत नाही. मागे असलेल्या डेटाबेसच्या जोडण्या मोजक्याच असतात. सेकंदाला १,००० विनंत्या आल्या आणि प्रत्येकीने जोडणी ०.०२ सेकंद अडवली, तर सरासरी २० जोडण्या व्यग्र राहतात. नेमक्या २० ठेवल्या तर रांग वाढतच जाईल. किती जास्त ठेवाव्यात, याचा हिशेब आजही एर्लांग यांच्याच सूत्रांनी करता येतो.