दृष्टिदाता डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी

आपल्याला मधुमेह आहे का? घरात आई, वडील किंवा भावंडांपैकी कोणाला काचबिंदू आहे का? असल्यास गेल्या वर्षभरात डोळ्यांत औषध घालून, बाहुली मोठी करून आतला पडदा तपासून घेतला आहे का? बरेच जण म्हणतील, डोळे दुखत नाहीत, दिसते व्यवस्थित, मग कशाला जायचे? ज्यांनी असे न आलेले रुग्ण शोधण्यात आयुष्य घालवले, त्या डॉ. वेंकटस्वामींचे चरित्र म्हणूनच आपण जाणून घेऊया.

बालपण आणि शिक्षण

१ ऑक्टोबर १९१८ रोजी तमिळनाडूतील वडमलापुरम या खेड्यात शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शाळेत पाटी-पेन्सिल नव्हती. मुले वाळूवर अक्षरे गिरवीत. घरातील तीन चुलत बहिणी बाळंतपणात दगावल्या, तेव्हा या मुलाने डॉक्टर व्हायचे ठरवले. १९४४ मध्ये मद्रासच्या स्टॅनले वैद्यकीय महाविद्यालयातून ते पदवीधर झाले आणि सैन्याच्या वैद्यकीय सेवेत गेले.

वाकडी झालेली बोटे

तिशीच्या सुमारास त्यांना संधिवाताने गाठले. बोटे वाकडी झाली, अंथरुणावरून उठणे कठीण झाले, १९४८ मध्ये सैन्यातली नोकरीही सुटली. प्रसूतितज्ज्ञ होण्याची वाट बंद झाली. तरी ते खचले नाहीत. मद्रासच्या एग्मोर भागातील सरकारी नेत्र रुग्णालयात त्यांनी नेत्रविद्येचे शिक्षण घेतले आणि १९५१ मध्ये पदविका मिळवली. आपल्या हाताला जमतील अशी उपकरणे त्यांनी करून घेतली. त्याच वाकड्या बोटांनी त्यांनी पुढे एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या!

रुग्णाच्या दारी

१९५६ पासून ते मदुराईच्या वैद्यकीय महाविद्यालयात नेत्रविभागाचे प्रमुख होते. खेड्यांतून शिबिरे घेताना त्यांच्या लक्षात आले की, शस्त्रक्रिया फुकट असूनही लोक येत नाहीत. बसभाडे, जेवण, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी, हे सारे गरिबाला परवडत नाही. मग रुग्णाला बसने आणायचे, जेवू घालायचे आणि परत पोहोचवायचे, अशी पद्धत रूढ झाली.

१९७६ मध्ये, ५८ व्या वर्षी निवृत्त झाल्यावर, त्यांनी मदुराईत भाड्याच्या घरात ११ खाटांचे रुग्णालय सुरू केले. श्रीअरविंदांवरील श्रद्धेने त्याला ‘अरविंद’ हे नाव दिले. पैशांसाठी कुटुंबाने दागिने गहाण ठेवले. ज्याला परवडते त्याने पैसे द्यावेत, त्यातूनच इतरांवर मोफत उपचार व्हावेत, हा नियम आजही तिथे चालतो. १९९२ मध्ये स्वस्त भिंगे बनवण्यासाठी ‘अरोलॅब’ सुरू झाली. तिथे आज काचबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात बसवायचे साधनही तयार होते. ७ जुलै २००६ रोजी डॉक्टरांचे निधन झाले.

आपण काय शिकायचे?

मोतीबिंदूने गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत मिळते. काचबिंदूने गेलेली मिळत नाही. डोळ्यातील दाबामुळे मज्जातंतू झिजतो आणि आधी बाजूचे दिसणे कमी होते. समोरचे स्पष्ट दिसत असल्याने माणूस गाफील राहतो. मधुमेहात पडद्यावरील बारीक रक्तवाहिन्या गळू लागतात, तेव्हाही सुरुवातीला काही जाणवत नाही. दुखत नाही म्हणून आपण जात नाही, इथेच घात होतो.

म्हणून,

• प्रौढपणी मधुमेह झाला असल्यास निदान होताच, आणि नंतर दरवर्षी पडदा तपासून घ्यावा. साखर व रक्तदाब आटोक्यात ठेवावा.

• चाळिशीनंतर, विशेषतः घरात काचबिंदू असल्यास, डोळ्याचा दाब आणि मज्जातंतू तपासावा.

• काचबिंदूचे थेंब बरे वाटते म्हणून बंद करू नयेत.

• दुकानातून परस्पर स्टेरॉइडचे थेंब आणून घालू नयेत. त्यांनी दाब वाढू शकतो.

• बाहुली मोठी केल्यावर काही तास धूसर दिसते. त्या दिवशी गाडी चालवू नये, सोबत कोणाला तरी न्यावे.

चेन्नईच्या अंबत्तूर औद्योगिक वसाहतीत कारखान्यात पाळीवर राबणाऱ्या माणसाला तपासणी म्हणजे एक दिवसाची रजा वाटते. अंबत्तूरहून फार लांब नाही अशा पूनमल्ली रस्त्यावर २०१७ पासून अरविंदचे रुग्णालय उभे आहे. तरी रुग्णालय जवळ येऊन भागत नाही, पाऊल आपणच उचलायचे असते. आपल्या घरात मधुमेह असलेली आई, काका किंवा शेजारी असतील, तर त्यांना या आठवड्यात स्वतः घेऊन जा. रुग्णाची वाट न पाहता त्याच्यापर्यंत जायचे, हेच तर डॉक्टरांनी आयुष्यभर केले.

त्यांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन!