गुठळी आली कुठून?

धाराशिवहून रात्रभर बसून मुंबई गाठणारा प्रवासी असो की मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेले आजोबा, डॉक्टर दोघांनाही सांगतात : जमेल तसे पाय हलवत राहा. या सल्ल्यामागे ज्यांचं संशोधन आहे, ते जर्मन वैद्य म्हणजे रुडॉल्फ फिरखो.

१३ ऑक्टोबर १८२१ रोजी प्रशियातल्या एका लहान गावात त्यांचा जन्म झाला. १८४३ साली बर्लिनमध्ये पदवी मिळवून ते तिथल्याच शारिटे रुग्णालयात शवविच्छेदन करू लागले. काही मृतांच्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीत रक्ताची गुठळी सापडे. ती तिथेच तयार होते, असा तेव्हाचा समज होता. फिरखोंनी शरीरातल्या इतर शिराही तपासल्या, तेव्हा पायांच्या शिरांमध्येही गुठळ्या आढळल्या. मग त्यांनी कुत्र्यांच्या शिरेत रबराचे तुकडे सोडले. ते रक्ताबरोबर हृदयातून थेट फुप्फुसात जाऊन अडकले. गुठळी प्रवास करते, हे सिद्ध झालं. ‘थ्रॉम्बोसिस’ आणि ‘एम्बोलिझम’ हे शब्द त्यांचेच.

१८४८ साली सायलेशियात टायफसची साथ आली. तिचं मूळ गरिबी आणि सरकारी अनास्थेत आहे, असं त्यांनी अहवालात स्पष्ट लिहिलं. त्यांची राजकीय मतं सरकारला रुचली नाहीत आणि त्यांना बर्लिन सोडावं लागलं. १८५६ साली ते सन्मानानं परतले; पुढे शहराच्या सांडपाण्याच्या व्यवस्थेसाठीही झटले. जानेवारी १९०२ मध्ये ट्राममधून उतरताना पडून त्यांच्या मांडीचं हाड मोडलं. त्यातून ते पुरते सावरले नाहीत. ५ सप्टेंबर १९०२ रोजी त्यांचं निधन झालं.

मंदावलेला रक्तप्रवाह, शिरेला झालेली इजा आणि रक्ताची गोठण्याची वाढलेली प्रवृत्ती ही गुठळीची तीन कारणं आज त्यांच्याच नावानं शिकवली जातात. आता संशोधक गुठळीतल्या फायब्रिन या धाग्यांना नेमके चिकटणारे नॅनोकण प्रयोगशाळेत तपासत आहेत. गुठळी लवकर दिसावी आणि औषध तिथेच पोहोचावं, हा त्यामागचा हेतू.

तोवर एवढं लक्षात ठेवावं : एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावं.