हजार आवाजांचा माणूस

बग्ज बनी माहीत नाही असा एक तरी प्राणी आपल्या होस्टेलवर सापडेल का? पण मेल ब्लँक म्हटलं की निम्मी मेस एकमेकांच्या तोंडाकडे बघेल!

१९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आलं तेव्हा मी शाळेत होतो. घरी केबल आली आणि संध्याकाळचा अभ्यास गेला. कार्टून इंग्रजीत आणि आमचं इंग्रजी म्हणजे आनंदच! पण ससा आता कुणाला तरी गंडवणार, बदक आता भडकणार, हे नुसत्या आवाजावरून कळायचं. बेरकी बग्ज, थुंकी उडवत भांडणारा डॅफी डक, तोतरा पोर्की पिग, बोबडं पिल्लू ट्वीटी, त्याच्या मागावरचा बोका सिल्व्हेस्टर... हे सगळे आवाज एकाच माणसाचे आहेत हे पुढे समजलं, आणि तो माझा हिरोच झाला.

मेलचा जन्म ३० मे १९०८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झाला, बालपण पोर्टलंडमध्ये गेलं. शाळेत सतत आवाज काढायचा. तू तुझ्या आडनावासारखाच कोरा राहणार, असं एका शिक्षिकेने सुनावलं म्हणून पठ्ठ्याने आडनावाचं शेवटचं अक्षरच बदललं, असं तो सांगे. शाळा अर्धवट सुटली. १९२७ मध्ये रेडिओवर काम मिळालं. पुढे जॅक बेनीच्या कार्यक्रमात जुनाट मोटारीच्या आवाजाची रेकॉर्ड ऐन वेळी वाजेना, तेव्हा याने माईक गाठून खोकत, धापा टाकत ती मोटार तोंडानेच चालू केली म्हणे. नंतर ते कामच त्याच्याकडे आलं.

१९३७ पासून तो वॉर्नरच्या कार्टूनसाठी आवाज देऊ लागला. बग्जसाठी खरंखुरं कच्चं गाजर चावायचा, कारण दुसऱ्या कुठल्याच भाजीचा तसा आवाज येईना. चावायचं, लगेच थुंकायचं आणि पुढचं वाक्य! आपल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी गंमत म्हणजे, डॅफी आणि सिल्व्हेस्टर हे मुळात जवळजवळ एकच आवाज. रेकॉर्डिंगचा वेग वाढवला की पिच चढतो आणि बोक्याचं बदक होतं!

पण त्या काळी आवाज देणाऱ्याचं नाव पडद्यावर येत नसे. मेलने पगारवाढ मागितली, निर्माते लिऑन श्लेझिंगर यांनी नाही म्हटलं. मग निदान नाव तरी द्या, असं त्याने सांगितलं. १९४० च्या दशकात ते पडद्यावर झळकलं, आणि लोक त्याला नावाने ओळखू लागले.

२४ जानेवारी १९६१ ला लॉस एंजेलिसच्या सनसेट बुलेव्हार्डवर त्याच्या गाडीला समोरून टक्कर बसली. पाय मोडले, डोक्याला जबर मार. सुमारे दोन आठवडे बेशुद्ध. हाका मारून सगळे थकले. शेवटी एका डॉक्टरने मेलला नाही, तर बग्ज बनीला हाक मारून तब्येत विचारली... आणि पलंगावरून सशाच्या आवाजात उत्तर आलं! स्वतः मेल आणि त्याचा मुलगा नोएल ही हकीकत सांगत. ज्यांना त्याने जन्मभर आवाज दिला, त्यांनीच जणू त्याला परत आणलं. अंगभर प्लॅस्टर असताना पलंगावर माईक टांगून त्याने फ्लिंटस्टोन्समधल्या बार्नीचे संवाद रेकॉर्ड केले.

१० जुलै १९८९ रोजी, ८१ व्या वर्षी तो गेला. म्हणजे मी टीव्हीसमोर पोट धरून हसत होतो तेव्हा तो या जगात नव्हताच!

आपल्याकडेही असे मेल ब्लँक असतात. गॅदरिंगच्या नाटकात विंगेतून आवाज देणारा, रात्रभर साउंडच्या वायरी सोडवत बसणारा. टाळ्या स्टेजवरच्यांना मिळतात, त्या मिळू देत. पण या वर्षी त्या पोरांची नावं माईकवरून घ्यायला विसरू नका. पैसे नाही मिळाले तरी चालेल, नाव हवं, असं वाटणारा तो काही एकटाच नव्हता.