डॉप्लर आणि गाडीचा वेग

काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याच्या वळणांवर गाड्यांची रीघ लागते. पोलिसांच्या रडार गनची चाहूल देणारा ‘डिटेक्टर’ काही जण गाडीत बसवतात. रडार गन ज्या तत्त्वावर वेग मोजते, ते सांगणारे ख्रिश्चन डॉप्लर १८०३ मध्ये आजच्या ऑस्ट्रियातील साल्झबर्गला पाथरवटाच्या घरात जन्मले. प्रकृती नाजूक, म्हणून छिन्नी-हातोड्याऐवजी गणित हाती आले. नोकरी मिळेना तेव्हा अमेरिकेला जाण्याची तयारी केली. तेवढ्यात प्रागमध्ये शिक्षकाची जागा मिळाली. लहरींचा स्रोत जवळ येताना वारंवारिता वाढते आणि दूर जाताना घटते, हे त्यांनी १८४२ मध्ये मांडले. १८४५ मध्ये हॉलंडमध्ये धावत्या आगगाडीत तुताऱ्या वाजवून ते आवाजाबाबत पडताळले गेले. फुप्फुसांच्या आजाराने १८५३ मध्ये व्हेनिसला, अवघ्या ४९व्या वर्षी ते गेले.

त्यांच्याच तत्त्वावर आम्ही गर्भातल्या बाळाचे ठोके ऐकतो, पायातला रक्तप्रवाह तपासतो. डिटेक्टर फार तर दंड वाचवेल. लेझर गनच्या अरुंद झोतापुढे तेही अवघडच, कारण तो वाजेपर्यंत वेग नोंदलेला असतो. वळणापलीकडचे गुरू-वासरू, पायी चालणारा माणूस त्याला दिसत नाही. अपघात विभागात येणाऱ्या जखमींना पाहून एवढेच सांगतो: घाटात वेग आवरा.