वेल्लोरच्या डॉ. आयडा स्कडर

मंडळीतील कोणाचे दुखणे गावच्या डॉक्टरांच्या हाताबाहेर गेले की, कोणीतरी वडीलधारे माणूस रुग्णाला वेल्लोरला नेण्याचा सल्ला देते, हा अनुभव आपणांपैकी पुष्कळांना असेल. तामिळनाडूतील या गावाचे नाव आपल्या ओठांवर ज्या बाईंमुळे आले, त्यांना तारुण्यात डॉक्टर व्हायचे नव्हते आणि हिंदुस्थानात राहायचेही नव्हते!

आयडा स्कडर यांचा जन्म ९ डिसेंबर १८७० रोजी वेल्लोरजवळील राणीपेट येथे झाला. आजोबा डॉ. जॉन स्कडर अमेरिकेतून आलेले वैद्यकीय मिशनरी, वडील डॉक्टर, घराण्यातील कित्येक जण मिशनकार्यात. मद्रास इलाख्यातील १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात उपाशी मुलांचे हाल आयडा यांनी बालपणीच पाहिले. शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्यावर तेथेच सुखाने संसार करावा, असे त्यांच्या मनाने घेतले. आईच्या आजारपणामुळे त्या तिंडीवनम येथे आल्या, त्याही थोड्या दिवसांपुरत्या.

तेथील त्या रात्रीची हकिगत आपण रविवारच्या शाळेत ऐकली असेल. एक ब्राह्मण, एक मुसलमान व एक उच्चवर्णीय हिंदू असे तीन गृहस्थ एकापाठोपाठ दारी आले. तिघांच्याही पत्नी प्रसूतीत अडल्या होत्या. आयडा यांनी आपल्या वडिलांना नेण्यास सांगितले, परंतु परपुरुषाने स्त्रीला तपासावे हे तिघांनाही मान्य नव्हते. त्यांना बाईमाणूस हवे होते आणि घरातील एकमेव तरुण स्त्रीला वैद्यकीचे काहीच ज्ञान नव्हते. सकाळपर्यंत तिन्ही स्त्रिया मरण पावल्या. हे प्रभूचे पाचारण आहे, असे आयडा यांनी ओळखले.

बहुतेक वक्ते ही गोष्ट येथेच थांबवतात, याची मला नेहमी खंत वाटते. जरा विचार करा. आयडा त्या रात्री डॉक्टर असत्या, तरी एकटीने तीन घरांत कशा पुरल्या असत्या? त्यांच्या पुढील साठ वर्षांचे कार्य म्हणजे या प्रश्नाचे उत्तर होय, असे मी समजतो.

१८९९ साली कॉर्नेल येथून वैद्यकीय पदवी घेऊन १९०० च्या आरंभी त्या परतल्या. त्याच वर्षी वडील वारले आणि नवख्या डॉक्टरीणबाईंवर सारा भार आला. अमेरिकेतील एका धनिकाने आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ दिलेल्या दहा हजार डॉलरमधून १९०२ साली मेरी टेबर शेल रुग्णालय सुरू झाले. रुग्णांची रीघ लागली. अशा वेळी दुसरी एखादी कर्तबगार व्यक्ती दिवसरात्र स्वतःच राबत राहिली असती. आयडाबाई राबल्याच, पण १९०३ पासून त्यांनी कंपाउंडरचे काम शिकवण्यास आरंभ केला, तर १९०९ साली परिचारिकांची शाळा काढली. जे रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचू शकत नव्हते, त्यांच्यासाठी मोटारीत औषधे घालून त्या स्वतः निघाल्या. गुडियात्तमच्या वाटेवर ठरलेल्या झाडांखाली ठरलेल्या वारी त्यांचा दवाखाना भरू लागला. कुष्ठरोगी, आंधळे, तान्ही मुले घेतलेल्या माता तेथे वाट पाहत बसत.

१९१८ साली त्यांनी स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा उघडली. मुली येणारच नाहीत, असे सरकारी वैद्यकखात्याच्या वरिष्ठांना वाटत होते. मुली आल्या, जागांहून कितीतरी अधिक. पुस्तके तुटपुंजी, सांगाडा एक, शिकवणारी मुख्यतः त्या स्वतः! १९२२ साली पहिल्या तुकडीच्या चौदाही मुली परीक्षेत उत्तीर्ण झाल्या.

खरी कसोटी मात्र म्हातारपणी लागली. १९३७-३८ च्या सुमारास मद्रास सरकारने कनिष्ठ वैद्यकीय अभ्यासक्रम बंद करण्याचे ठरविले. वेल्लोरपुढे दोनच मार्ग उरले : विद्यापीठाच्या पदवीस योग्य असे महाविद्यालय व्हावे, नाहीतर दार लावून घ्यावे. पदवीसाठी अधिक खाटा, उच्चशिक्षित प्राध्यापक आणि प्रचंड पैसा हवा होता. स्त्रियांबरोबर पुरुषांनाही प्रवेश दिला, तर अनेक मिशनसंस्था एकत्र येऊन हे ओझे उचलू शकत होत्या.

वाचकहो, या बाईंच्या मनाची अवस्था ध्यानी घ्या. तीन स्त्रियांच्या मृत्यूतून त्यांचे पाचारण जन्मले होते. स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर घडवणे हेच त्यांचे व्रत. अमेरिकेतील ख्रिस्ती भगिनींनी पै-पैसा जमवला तोही त्याचसाठी. त्या भगिनींच्या अग्रणी व आयडाबाईंच्या जुन्या स्नेही ल्युसी पीबॉडी यांना पुरुषांचा प्रवेश म्हणजे दिलेल्या वचनाचा भंग वाटला. त्यांचे म्हणणे चुकीचे होते, असे मला आजही म्हणवत नाही. दात्यांचा विश्वास ही मिशनकार्यात लहान गोष्ट नव्हे. तरीही आयडाबाईंनी संयुक्त महाविद्यालयाची बाजू घेतली. त्यापायी त्यांना मैत्रीत दुरावा सोसावा लागला, आणि सत्तरी ओलांडलेल्या असताना युद्धकाळात अमेरिकेत निधीसाठी गावोगाव हिंडावे लागले.

भाषांतराच्या मेजावर बसणाऱ्या माझ्यासारख्यास येथे इफिसकरांस पत्राचा चौथा अध्याय आठवतो. पवित्र जनांना सेवेसाठी सिद्ध करण्याविषयी पौलाने तेथे जो ग्रीक शब्द योजला आहे, तोच शब्द प्राचीन ग्रीक वैद्य निखळलेले हाड जागी बसवण्यासाठी वापरीत. हाड बसवताना वेदना होतात, पण अवयव पुन्हा कामास येतो. मराठीत ही दोन्ही अंगे एका शब्दात पकडणे मला कधी साधले नाही.

१९४२ साली पदवीचे वर्ग सुरू झाले, १९४७ साली पहिले पुरुष विद्यार्थी दाखल झाले आणि १९५० साली मद्रास विद्यापीठाची कायम संलग्नता मिळाली. आयडाबाईंनी १९४६ सालीच निवृत्ती पत्करली होती. त्यानंतर थोड्याच काळात संस्थेची सूत्रे विशाखापट्टणमच्या डॉ. हिल्डा लाझरस या भारतीय ख्रिस्ती भगिनीच्या हाती आली. संस्थापिका हयात असताना, आणि तीही एवढ्या वजनाची, दुसऱ्याने कारभार हाकणे सोपे नसते. आपल्या संस्थांत हे वारंवार दिसते. आयडाबाई कोडाईकॅनॉलच्या आपल्या घरी राहू लागल्या. मे १९६० मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, तेथेच त्या प्रभूमध्ये निजल्या. तेव्हा वेल्लोरमध्ये शिकलेल्या मुली व मुलगे देशभरातील मिशन रुग्णालयांत काम करीत होते.