डॉ. व्हिएगस

डॉ. आकासियो व्हिएगस यांचा जन्म १८५६ साली गोव्यातील हडफडे गावी झाला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागातील रोग्यांच्या अंगी ताप व गाठी पाहून त्यांनी ओळखले, की हा प्लेग होय! हे नाव उच्चारताच शहराचा व्यापार बुडण्याचे भय होते. तरी पालिकेच्या समितीत त्यांनी ते निर्भयपणे सांगितले. पुष्कळांचा विश्वास बसेना. तेव्हा अन्य तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासणी करून त्यांचे निदान खरे ठरविले. पुढे हाफकिन यांची प्रतिबंधक लस व्हिएगस यांनी स्वतः हजारो लोकांना टोचली.

डॉक्टरांना अशी परस्परांची साथ नित्य लाभावी, म्हणून १९२८ मध्ये कोलकात्यास इंडियन मेडिकल असोसिएशन स्थापन झाली. १९३३ मध्ये व्हिएगस निवर्तले. एकाचे धैर्य आणि अनेकांची साथ यांवरच लोकांचे आरोग्य उभे असते.