योहानाची आई अलीशिबा

आगमनकाळ आला की मंडळीत मरीया, योसेफ आणि मेंढपाळ यांची आठवण निघते. ज्या घरी गब्रीएलाचा निरोप सहा महिने आधी पोहोचला, त्या घरातील म्हाताऱ्या बाईकडे मात्र फारसे कोणी वळत नाही.

हेरोद राजाच्या काळी (इ. स. पू. ३७ ते ४) अलीशिबा यहूदाच्या डोंगराळ भागातील एका गावात राहत होती. ती अहरोनाच्या कुळातील. पती जखऱ्या हा याजक. याजकांच्या २४ वर्गांपैकी अबीयाच्या आठव्या वर्गातला. दोघे वयातीत झाली, पण पदरी मूल नव्हते.

येथे आम्हांला थोडे थांबावेसे वाटते. लूक या दोघांना आधी नीतिमान म्हणतो आणि मग ती निपुत्रिक असल्याचे सांगतो. वांझपण म्हणजे देवाचा कोप, असे त्या काळी पुष्कळांना वाटे. अलीशिबेनेही लोकांत झालेली आपली मानहानी बोलून दाखवली आहे. आमच्या मंडळ्यांतही बारशाच्या घरी अशी एखादी बहीण मागे बसते आणि कोणीतरी हळूच तिच्या प्रार्थनेत उणे काढते. लूकच्या पहिल्या अध्यायात त्याला काडीचा आधार नाही. शब्बाथ शाळेत हा धडा घेताना शिक्षकांनी एवढे जपावे.

सारा, शिलो येथे रडणारी हन्ना, मानोहाची बायको (तिचे तर नावही शास्त्रात नाही) या सर्व याच वाटेने गेल्या. रिबकेच्या लग्नानंतर जुळी मुले होईपर्यंत इसहाकाने २० वर्षे वाट पाहिली. मरीयेची गोष्ट निराळी. ती कुमारी होती. तिने मूल मागितलेच नव्हते.

चिठ्ठी निघून जखऱ्या धूप जाळण्यास मंदिरात गेला, दूताच्या शब्दावर त्याचा विश्वास बसला नाही आणि तो मुका होऊन घरी आला. अलीशिबा गरोदर राहिली व पाच महिने लोकांपासून दूर राहिली. त्या घरातली शांतता कल्पनेत आणून पाहावी! सहाव्या महिन्यात नासरेथाहून तिची नातलग मरीया आली. वडीलधाऱ्या अलीशिबेने स्वतःचे कौतुक सांगितले नाही. त्या तरुण मुलीलाच तिने आपल्या प्रभूची माता म्हणून मान दिला. मरीया तेथे सुमारे तीन महिने राहिली.

मुलगा झाला. आठव्या दिवशी सुंतेच्या वेळी शेजारीपाजारी त्याला बापाचे नाव ठेवू लागले. आईने ठामपणे योहान हे नाव सांगितले, पण तिचे ऐकतो कोण? त्यांनी बापाला खुणेने विचारले. त्याने पाटी मागून तेच नाव लिहिले आणि त्याची वाचा मोकळी झाली.

यानंतर शास्त्रात अलीशिबा दिसत नाही. मुलगा रानात राहिला, यार्देनेच्या पाण्यात त्याने लोकांना बाप्तिस्मा दिला आणि पुढे हेरोद अंतिपाच्या तुरुंगात त्याचा शिरच्छेद झाला. त्याचे प्रेत त्याच्या शिष्यांनी नेऊन पुरले. तेथे आईचा उल्लेख नाही. तिचे वय पाहता, तो दिवस येण्याआधीच तिचे डोळे मिटले असावेत.